खारव्याचा तांबडा रंग आणि धातूभोवतीची दुर्बळ बंधने

झाशी शहराभोवती मराठा अमदानीत उभ्या राहिलेल्या दगडी कोटाला दहा दरवाजे होते आणि त्यांपैकी ओरछा दरवाजा मराठी वाचकाला ठाऊक आहे तो मुख्यतः १८५८ च्या वेढ्यामुळे व त्या वेढ्याशी लोकपरंपरेने जोडलेल्या फितुरीच्या कथेमुळे. या दरवाज्याच्या बाजूने शहराबाहेर पडून, ओरछ्याचा फाटा मागे टाकून बरुआसागर, निवाडी असा पूर्वेचा रस्ता धरला म्हणजे सुखनई नदीकाठचे मऊरानीपूर लागते. एकोणिसाव्या शतकात या गावाचा लौकिक खारव्यासाठी होता. खारवा म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडावर आलीच्या मुळांचा पक्का तांबडा रंग चढवून तयार केलेले वस्त्र. व्यापाऱ्यांच्या वह्यांची वेष्टने त्याची होत, आणि महाराष्ट्रात केशवपन केलेल्या विधवेच्या वाट्याला येणारे आलवण हेही याच मुळाच्या रंगाचे असे. या कापडाचा विचार इतिहासाच्या अंगाने झालेला आहे. रसायनशास्त्राच्या अंगाने मात्र तो फारसा झालेला नाही, आणि तो करण्यासारखा आहे, कारण खारव्याचा तांबडेपणा हा एका धातूच्या जटिल संयुगाचा रंग आहे व त्या रंगाचा पक्केपणा हा त्या संयुगाभोवती काम करणाऱ्या अशा आकर्षणांचा परिणाम आहे, ज्यांना रसायनशास्त्राने बराच काळ दुय्यम मानले होते.

आल ही मोरिंडा प्रजातीतील वनस्पती. महाराष्ट्रात तिच्या जातभाईला बारतोंडी म्हणतात. बुंदेलखंडात ती ‘मार’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत लावली जाई आणि सुमारे तीन वर्षांनी खोल खणून तिची मुळे काढली जात. रंग मुळाच्या सालीत साठत असल्याने जाड मुळांपेक्षा बारीक मुळांना अधिक भाव मिळे. मुंबईहून हे मूळ ‘सुरंजी’ या नावाने स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात पोहोचले तेव्हा तेथील अनुभवी कापड-छपाईकारांनी ते तपासून हा रंगच नव्हे असा निर्वाळा दिला, आणि टॉमस अँडरसन या रसायनशास्त्रज्ञाने १८४० च्या दशकाच्या अखेरीस त्या मुळाचा अभ्यास करून त्यातून मोरिंडिन नावाचा पिवळा स्फटिकी पदार्थ वेगळा केला. छपाईकारांचा निर्वाळा त्यांच्या परीने प्रामाणिक होता, कारण नेहमीच्या तुरटी लावलेल्या कापडावर ते मूळ खरोखरच रंग धरत नव्हते. तेलाची प्रक्रिया करून घेतलेल्या कापडावर मात्र ते धरत होते. ज्या रंगाने मऊरानीपूरचे रंगारी पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवत होते तो ग्लासगोत निष्फळ का ठरावा, या प्रश्नाचे उत्तर शोधताना धातूच्या जटिल संयुगांचे जवळजवळ सगळे शास्त्र हाताशी घ्यावे लागते.

जटिल संयुग म्हणजे मध्यभागी धातूचा आयन आणि त्याच्याभोवती त्याला आपली इलेक्ट्रॉन-जोडी देऊ करणारे रेणू किंवा आयन अशी रचना. इलेक्ट्रॉन-जोडी देणाऱ्या या घटकांना लिगंड म्हणतात, आणि धातू व लिगंड यांच्यातील बंधाला सहसंबंध बंध. झुरिचच्या आल्फ्रेड वेर्नरने १८९३ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा त्याच्यासमोर कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनिया यांची रंगीबेरंगी संयुगे होती. एकाच प्रकारच्या घटकांपासून बनलेल्या या संयुगांपैकी एकातून सिल्व्हर नायट्रेट तिन्ही क्लोराइड लगेच खाली बसवते, दुसऱ्यातून दोनच आणि तिसऱ्यातून एकच. वेर्नरने यावरून असे अनुमान काढले, की काही क्लोराइड धातूला थेट चिकटलेले असतात व काही त्या गटाच्या बाहेर राहतात. या कामासाठी १९१३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्या संशोधनाचा ओघ स्वाभाविकपणे आतल्या मंडलाकडे गेला, कारण तेथे मजबूत बंध होते आणि रंग, चुंबकत्व, आकार या सर्वांचे स्पष्टीकरण तेथेच मिळत होते. पण बाहेर राहिलेले क्लोराइड तरी नुसते मोकळे फिरत नसतात; स्फटिकात ते अमोनियाच्या हायड्रोजन अणूंकडे तोंड करून ठरावीक जागी बसतात. या बाहेरच्या वस्तीला द्वितीय सहसंबंध मंडल म्हणतात, आणि धातूच्या संयुगाभोवतीच्या असहसंयुज आंतरक्रियांचा विषय येथून सुरू होतो.

सहसंयुज बंधात दोन अणू इलेक्ट्रॉन-जोडी वाटून घेतात आणि तो तोडायला बरीच ऊर्जा लागते; कार्बन-कार्बन एकेरी बंधासाठी ती मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल आहे. असहसंयुज आंतरक्रियांत अशी वाटणी नसते. तेथे धन व ऋण प्रभारांचे आकर्षण असते, ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला जोडलेल्या हायड्रोजनचा शेजारच्या इलेक्ट्रॉनसमृद्ध अणूशी जुळणारा हायड्रोजन बंध असतो, सपाट वलयांची एकमेकांवर होणारी रचना असते, आणि सर्व रेणूंमध्ये असणारे, इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हेलकाव्यातून उत्पन्न होणारे ते आकर्षण असते, ज्याचे पुंजवादी स्पष्टीकरण फ्रिट्स लंडन याने १९३० मध्ये दिले. नेहमीच्या हायड्रोजन बंधाची ताकद मोलमागे साधारण ५ ते ३० किलोज्यूल, आणि बेंझिनसारख्या दोन वलयांच्या जवळिकीची १० ते १२ किलोज्यूल. खोलीच्या तापमानाला रेणूंच्या हालचालीतील ऊर्जा मोलमागे अडीच किलोज्यूलच्या आसपास असते, म्हणजे यांपैकी एकटा बंध फार काळ टिकत नाही. तो सतत तुटतो व पुन्हा जुळतो. पण असे डझनभर बंध एकाच वेळी काम करू लागले, की त्यांची बेरीज सहसंयुज बंधाच्या जवळ जाते. त्यांचे खरे वैशिष्ट्य मात्र या बेरजेपेक्षा दिशेत आहे: हायड्रोजन बंधाला कोन हवा असतो, वलयांना अंतर हवे असते, आणि म्हणून ही आकर्षणे रेणूंना केवळ जवळ आणत नाहीत, तर विशिष्ट मांडणीत बसवतात. हायड्रोजन बंधाची आज मान्य असलेली आंतरराष्ट्रीय व्याख्या २०११ मध्ये ठरली, आणि ती ठरवणाऱ्या गटाचे नेतृत्व बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ई. अरुणन यांच्याकडे होते, ही भारतीय वाचकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

आता रंगाऱ्याच्या हौदाकडे. तुरटी पाण्यात विरघळली म्हणजे तिच्यातील ॲल्युमिनियमचा तीन धनप्रभारांचा लहानसा आयन सहा पाणी-रेणूंनी वेढला जातो. प्रत्येक पाणी-रेणूचा ऑक्सिजन धातूपासून सुमारे १.९ अँगस्ट्रॉम अंतरावर असतो; अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. धातूच्या ओढीमुळे या सहा पाणी-रेणूंचे हायड्रोजन नेहमीपेक्षा अधिक धनप्रभारी होतात आणि प्रत्येकी दोन बाहेरच्या पाणी-रेणूंना हायड्रोजन बंधाने धरून ठेवतात, त्यामुळे सुमारे चार अँगस्ट्रॉम अंतरावर बारा रेणूंचे दुसरे कडे तयार होते. आतल्या कड्यातील एक पाणी-रेणू आपली जागा दुसऱ्याला देण्यापूर्वी सरासरी जवळजवळ एक सेकंद तेथे राहतो, आणि रेणूंच्या जगात हा काळ अतिशय दीर्घ आहे, कारण सोडियमच्या आयनाभोवती हीच अदलाबदल सेकंदाच्या अब्जांश भागात होते. याच ओढीमुळे आतल्या पाण्याचा एखादा हायड्रोजन सुटून बाहेरच्या कड्यात निघून जातो. तुरटीचे पाणी आंबट लागते ते यामुळेच. पाण्यात थोडा क्षार मिसळला, तर हायड्रोजन निघण्याचा हा क्रम पुढे सरकतो, ॲल्युमिनियमचे आयन एकमेकांना हायड्रॉक्सिल गटांच्या पुलांनी जोडले जातात आणि त्यांचा चिकट, अविद्राव्य थर बनतो. हा थर पाण्यात न बनता कापडाच्या तंतूवर बनावा, एवढेच रंगाऱ्याला साधायचे असते, आणि पक्क्या रंगाची अर्धी विद्या या एका गोष्टीत आहे.

सुती तंतू हा त्यासाठी सोयीचा नाही. लोकर किंवा रेशीम यांत धातूला पकडणारे आम्लगट असतात. कापसात केवळ सेल्युलोज असते, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या, ज्यांच्या प्रत्येक कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट आहेत. हे गट धातूला धरण्यात दुबळे आहेत, पण हायड्रोजन बंध करण्यात तत्पर आहेत. देशी पद्धतीत म्हणून कापडाला आधी एरंडेल आणि सज्जीमातीसारखा क्षार यांच्या मिश्रणात पुन्हा पुन्हा मुरवत, वाळवत व धूत, मग हिरड्याच्या काढ्यात बुडवत, आणि त्यानंतरच तुरटी देत. एरंडेलाचा ८५ ते ९० टक्के भाग रिसिनोलिक आम्लापासून बनलेला असतो. या आम्लाच्या लांब साखळीच्या एका टोकाला कार्बॉक्सिल गट आणि साखळीच्या मध्यावर हायड्रॉक्सिल गट असतो. क्षाराने तेल फुटून हे आम्ल मोकळे होते, सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांशी हायड्रोजन बंधांनी जुळते, आणि त्याचा कार्बॉक्सिल गट पुढे येणाऱ्या ॲल्युमिनियमची वाट पाहत राहतो. भूमध्य सागराच्या पूर्वेकडून युरोपात गेलेल्या, तेलावरच आधारलेल्या प्रसिद्ध तांबड्या रंगाच्या जुन्या नमुन्यांवर अलीकडे ग्लासगोमध्ये जे संशोधन झाले, त्यातही तेलातील आम्ले तंतूला हायड्रोजन बंधांनी धरतात व धातूला कार्बॉक्सिल गटांनी धरतात असेच दिसले. हिरड्याचे काम याच जातीचे आहे. त्यातील टॅनिनांवर शेजारी-शेजारी असणारे अनेक हायड्रॉक्सिल गट असतात. त्यांपैकी काही सेल्युलोजशी हायड्रोजन बंध जुळवतात, वलये तंतूच्या पृष्ठभागाला लगटून बसतात, आणि उरलेल्या जोड्या चिमट्याप्रमाणे ॲल्युमिनियमला पकडतात. तंतू आणि धातू यांच्यामध्ये अशा रीतीने एक सेतू उभा राहतो, ज्याचे धातूकडील टोक सहसंबंध बंधांचे असते व तंतूकडील टोक सर्वस्वी दुर्बळ बंधनांचे. या दुसऱ्या टोकाची संख्या मोठी असल्याने ते धुण्याला दाद देत नाही. ग्लासगोच्या छपाईकारांनी तुरटी दिली होती, पण हा सेतू दिला नव्हता.

त्यांच्या अपयशाचे दुसरे कारण मुळातल्या रंगद्रव्यातच होते. अँडरसनने वेगळ्या केलेल्या मोरिंडिनमध्ये रंगाच्या गाभ्याला दोन शर्करांची जोडी चिकटलेली असते, आणि ती ज्या ऑक्सिजनला चिकटते तोच धातूला पकडण्यासाठी हवा असतो. शर्करा निघून गेल्यावर उरतो तो मोरिंडोन, आणि खरा रंग त्याचा. मोरिंडोनचा रेणू तीन वलयांचा व सपाट आहे. मधल्या वलयावर समोरासमोर दोन कार्बोनिल गट, म्हणजे कार्बनशी दुहेरी बंधाने जोडलेले ऑक्सिजन, आणि बाहेरच्या वलयांवर तीन हायड्रॉक्सिल गट व एक मेथिल गट. युरोपातील मंजिष्ठावर्गीय मुळांत सापडणारे अलिझारिन याच घराण्यातील आहे, फक्त त्याला दोनच हायड्रॉक्सिल गट आहेत. अलिझारिनच्या एका हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन शेजारच्या कार्बोनिलकडे वळून रेणूच्या आतच हायड्रोजन बंध करतो. ॲल्युमिनियम येतो तेव्हा त्याला पकडण्याच्या दोन संभाव्य जागा असतात, एक कार्बोनिल व हायड्रॉक्सिल यांच्या मधली आणि दुसरी दोन शेजारी हायड्रॉक्सिलांच्या मधली. धातू नक्की कोणत्या जागेत बसतो यावर रसायनशास्त्रज्ञांत दीर्घ काळ वाद झाला. १९९० च्या दशकात वुंडरलिश आणि बेर्गरहोफ या जर्मन संशोधकांनी ॲल्युमिनियम, कॅल्शियम आणि अलिझारिन यांच्या एकत्रित संयुगाचे स्फटिक मिळवून क्ष-किरणांनी त्याची रचना पाहिली, तेव्हा दोन्ही धातू एकाच रचनेचे आवश्यक भाग असल्याचे स्पष्ट झाले. चुना किंवा चुनखडीयुक्त पाणी मिळाल्याशिवाय हा तांबडा रंग नीट खुलत नाही, हे रंगाऱ्यांना त्याआधी कित्येक शतके माहीत होते.

रंग बदलतो तो कसा, हेही येथेच सांगितले पाहिजे. ॲल्युमिनियमपाशी दृश्य प्रकाश शोषणारे इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणून खारव्याचा रंग तांब्याच्या मोरचुदाप्रमाणे धातूचा स्वतःचा रंग नसतो. मोकळे अलिझारिन नारिंगी-पिवळे दिसते, कारण ते ४३० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषते. धातूला जोडले जाताना हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन निघून जातो, ऑक्सिजनवरचे इलेक्ट्रॉन वलयांत अधिक मोकळेपणाने पसरतात आणि शोषण ५०० नॅनोमीटरच्या दिशेने सरकते. उरलेला प्रकाश डोळ्याला तांबडा दिसतो. ॲल्युमिनियमऐवजी लोखंड आले, तर हाच रेणू जांभळट काळसर छटा देतो. मोरिंडोनमध्ये तर एक विशेष सोय आहे, जी अलिझारिनला नाही: त्याच्या एका टोकाला धातू बसला तरी दुसऱ्या टोकाचा हायड्रॉक्सिल दुसऱ्या कार्बोनिलशी असलेला आपला आतला हायड्रोजन बंध शाबूत ठेवू शकतो. अशा बंधातून, प्रकाशाने उत्तेजित झालेला रेणू आपला हायड्रोजन क्षणभर इकडून तिकडे सरकवून मिळालेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून देतो, आणि या घराण्यातील रंग उन्हात सहसा लवकर विटत नाहीत याचे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. रेणूच्या एकाच अंगावर मजबूत सहसंबंध आणि दुर्बळ हायड्रोजन बंध असे शेजारी नांदताना पाहणे हे या विषयातील मोठे समाधान आहे.

सपाट रेणू एकमेकांवर रचले गेले, की रंगावर त्याचाही परिणाम होतो, आणि याचे सर्वांत लख्ख उदाहरण कापडात नाही, प्लॅटिनमच्या एका जुन्या क्षारात आहे. १८२८ मध्ये वर्णन झालेला माग्नुसचा हिरवा क्षार दोन प्रकारच्या आयनांचा बनलेला आहे: प्लॅटिनमभोवती चार अमोनिया असलेला धन आयन, जो द्रावणात रंगहीन असतो, आणि प्लॅटिनमभोवती चार क्लोराइड असलेला ऋण आयन, जो तांबूस असतो. या दोहोंतून हिरवा रंग येण्याचे काही कारण दिसत नाही. पण स्फटिकात हे सपाट चौरस आयन एकाआड एक रचले जाऊन प्लॅटिनमचे अणू एका सरळ रांगेत सुमारे ३.२५ अँगस्ट्रॉम अंतरावर येतात, आणि त्यांच्यात सहसंयुज बंध नसतानाही इलेक्ट्रॉनी रचना एवढी बदलते की क्षार गडद हिरवा दिसतो. याच घटकांचे, याच प्रमाणातले एक गुलाबी रूपही मिळते. त्यात धातूंच्या अशा जवळच्या रांगा नसतात. रासायनिक सूत्र तेच, आतले बंध तेच, बदलली ती केवळ शेजारच्यांची मांडणी. सोन्याच्या एकप्रभारी संयुगांतही सोन्याचे अणू असेच एकमेकांजवळ ओढले जातात व त्या ओढीची ताकद हायड्रोजन बंधाच्या तोडीची असते.

महाराष्ट्रातील बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याच्या हातून याचा एक जवळचा नातलग गेलेला असतो. निकेलचे प्रमाण काढण्यासाठी द्रावणात डायमेथिलग्लायॉक्झिम घालून अमोनिया टाकला म्हणजे जो गुलाबी-तांबडा भरघोस साका पडतो, तो रशियन रसायनशास्त्रज्ञ चुगायेव याने १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुगाचा. निकेलभोवती दोन लिगंड एका पातळीत बसतात आणि त्यांच्या कडांवरचे ऑक्सिजन हायड्रोजनच्या मध्यस्थीने एकमेकांना इतके जवळून धरतात, की त्यांच्यातील अंतर २.४५ अँगस्ट्रॉमच्या आसपास येते. हायड्रोजन बंधांमध्ये हे फारच आखूड आहे. या दोन बंधांमुळे लिगंडांचे हायड्रॉक्सिल गट आपापसांतच गुंतून पडतात व पाण्याशी जुळवून घ्यायला मोकळे राहत नाहीत. उरलेले काम रचना करते: सपाट रेणू एकावर एक येऊन निकेलच्या रांगा तयार होतात व साका पाण्यातून बाहेर पडतो. तांब्याचे संयुग याच लिगंडाशी बनते, पण त्याचे रेणू निकेलच्या संयुगासारखे रचले जात नाहीत व ते बऱ्याच अंशी द्रावणात राहते. पाठ्यपुस्तकात या परीक्षेचे श्रेय लिगंडाच्या निवडकपणाला दिले जाते. खरे पाहता निवडकपणातला मोठा वाटा दुर्बळ बंधांचा आहे, आणि विद्यार्थ्याला गाळणकागदावरचा तो तांबडा गोळा दाखवतानाच हे सांगितले गेले पाहिजे.

मराठी मुलखाच्या आसपास या विषयावर काम झालेले आहे. गोवा विद्यापीठात बी. आर. श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉलिब्डेनम किंवा टंगस्टन यांच्याभोवती चार गंधक असलेले ऋण आयन वेगवेगळ्या सेंद्रिय अमोनियम आयनांबरोबर स्फटिकरूपात मिळवले. एकाकी अवस्थेत या आयनातील चारही धातू-गंधक बंध सारखे असायला हवेत. स्फटिकात मात्र ज्या गंधकाकडे शेजारच्या नायट्रोजनचे हायड्रोजन अधिक जोराने किंवा अधिक संख्येने वळलेले असतात, त्याचा धातूशी असलेला बंध अँगस्ट्रॉमच्या काही शतांशांनी लांबतो. आकडा लहान आहे, पण त्याचा अर्थ मोठा आहे: दुर्बळ म्हणवला जाणारा बंध मजबूत बंधाची लांबी बदलू शकतो, म्हणजे धातूचे आतले मंडल बाहेरच्या मंडलापासून स्वतंत्र नाही. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात मेंदीतील लॉसोन या रंगद्रव्याच्या धातू-संयुगांच्या स्फटिकरचना अभ्यासल्या गेल्या आहेत. लॉसोन हे मोरिंडोनचे लहान भावंड म्हणावे असे दोन वलयांचे द्रव्य, तेही कार्बोनिल आणि हायड्रॉक्सिल यांच्यामध्ये धातूला पकडते, आणि त्याच्या संयुगांतही पाणी-रेणूंचे हायड्रोजन बंध व वलयांची एकमेकांवरील रचना यांतूनच स्फटिक उभा राहतो.

सजीवांनी हे तंत्र फार पूर्वी आत्मसात केले. रक्तातील हिमोग्लोबिन व स्नायूंतील मायोग्लोबिन यांत लोखंडाला ऑक्सिजन जोडला जातो तो एका खोबणीत, आणि त्या खोबणीत, लोखंडाला न चिकटलेला पण जवळच असलेला हिस्टिडीन या ॲमिनो आम्लाचा एक अवशेष पकडलेल्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाने सांभाळतो. हा अवशेष बदलून तेथे निष्क्रिय गट बसवला, तर मायोग्लोबिनची ऑक्सिजन धरण्याची क्षमता सुमारे शंभर पटींनी घटते. प्रथिनाबाहेर, मोकळ्या स्थितीत लोखंडाचे हे संयुग कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजनपेक्षा वीसेक हजार पट घट्ट धरते. प्रथिनाच्या खोबणीत हा फरक काही शेकड्यांपर्यंत किंवा त्याहून खाली येतो. या सवलतीवाचून शरीरातच अल्प प्रमाणात तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने श्वसन अवघड केले असते. १९८७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक पेडरसन, क्रॅम व लेन यांना मिळाले ते अशाच विशिष्ट पकडीचे रेणू प्रयोगशाळेत घडवल्याबद्दल, आणि त्यानंतर द्वितीय मंडल हे उत्प्रेरक व औषधे यांच्या रचनेत विचारपूर्वक आखण्याची बाब झाले.

खारव्याला मात्र या शास्त्राचा लाभ होण्याआधीच त्याचा काळ संपला. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी डांबरातील अँथ्रासीनपासून अलिझारिन कृत्रिम रीतीने तयार केले, पुढच्याच वर्षी त्याची व्यापारी कृती जर्मनी व इंग्लंड या दोन्ही देशांत पेटंटसाठी दाखल झाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते भारताच्या बाजारांत स्वस्तात मिळू लागले. तीन वर्षे जमीन अडवून, खोल खणून काढलेले आलीचे मूळ या स्पर्धेत टिकणे शक्य नव्हते. कृत्रिम अलिझारिनला शर्करा चिकटलेल्या नव्हत्या, त्याची धातू पकडण्याची जागा मोकळी होती, आणि तेल, हिरडा, तुरटी, चुना यांची तीच साखळी त्याला जशीच्या तशी चालत होती; त्यामुळे रंगाऱ्याला आपली कृती न बदलता केवळ हौदातले द्रव्य बदलायचे होते. आलीची लागवड यामुळे अगदी शांतपणे नाहीशी झाली, आणि तिच्याबरोबर मुळांची प्रत ओळखण्याचे ज्ञान गेले, ही हानी पैशात मोजता येण्यासारखी नाही.

जुन्या कापडाचा एखादा तुकडा समोर आला, तर तो आलीने रंगवलेला आहे की कृत्रिम अलिझारिनने, हे आज सांगता येते. तंतूवरचा रंग सोडवण्यासाठी बराच काळ उष्ण हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले जाई. ते ॲल्युमिनियम व रंगद्रव्य यांच्यातील बंध तोडते, पण त्याच झटक्यात शर्कराही तोडून टाकते आणि मोरिंडिनचा मागमूस उरत नाही. फॉर्मिक आम्ल आणि धातूला स्वतःकडे ओढून घेणारा एखादा सौम्य लिगंड यांचे मिश्रण वापरले, तर ॲल्युमिनियम त्या लिगंडाकडे जातो, रंगद्रव्य द्रावणात येते आणि त्याला चिकटलेल्या शर्करा जागच्या जागी राहतात. द्रावणातील घटक मग वेगळे करून मोजले जातात. मोरिंडोन आणि त्याचे शर्करायुक्त रूप मिळाले, तर ते कापड आलीच्या मुळाचे. केवळ अलिझारिन मिळाले, तर ते बहुधा कारखान्याचे. आणि अलिझारिनबरोबर पर्प्युरिन हे त्याच्याच घराण्यातील दुसरे रंगद्रव्य मिळाले, तर ते मंजिष्ठेच्या घराण्यातील एखाद्या मुळाचे असण्याचा संभव अधिक.